डाव्या करंगळीचं कुलूप

टॅबलेटला उजवा हात लावायचा नाही, हा आत्यांचा पहिला नियम. "ज्या हातानं जेवतो, त्या हातानं हे नाही," असं म्हणत त्या पदराने काच पुसायच्या, डाव्या हाताची करंगळी पुढे काढायच्या आणि तेवढ्या एका बोटाने आकडे दाबायच्या. बाकीची बोटं मुठीत आवळलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फिस्सकन हसू आलं होतं. पुढे ती करंगळी माझ्या स्वप्नात यायला लागली.

आत्या खालच्या मजल्यावर, बरोबर आमच्या खाली राहायच्या. क्वार्टर त्यांच्या भावाचं. भाऊ बाराही महिने दौऱ्यावर, भाच्या लग्न होऊन गुडगावला, म्हणजे घरात या एकट्याच. यवतमाळकडच्या. लग्न केलं नाही. एका मंत्रालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये सगळी नोकरी काढली, कुठली फाइल कुणाला द्यायची नि कुणाला नाही हे ठरवण्यात. रिटायर झाल्यावर भावाकडे आल्या आणि आर. के. पुरमच्या आमच्या अख्ख्या ब्लॉकच्या आत्या झाल्या. तिसऱ्या मजल्यावरचे सरदारजीसुद्धा जिन्यात वाकून "आत्याजी, सत श्री अकाल" म्हणायचे.

आता सरकारी कॉलनीत एक रीत असते. गावी जाताना घराची चावी शेजारी ठेवून जायचं. कूलरला पाणी घालायला, झाडांना बघायला कुणीतरी लागतंच. आमच्या ब्लॉकच्या सगळ्या चाव्या आत्यांच्या दाराआड खिळ्यांना लटकलेल्या असत. मग घरोघरी टॅबलेट आले. एका घरात एक, आणि त्यावर आई-बाप, पोरं, आजी-आजोबा सगळे. पोरं काय ऐकतात! सरदारीणबाईंच्या मुलाने आईचा कोड इतक्यांदा फोडला की ती वैतागून खाली आली आणि म्हणाली, "आत्याजी, ये चाबी भी आप ही रख लो." तेव्हापासून ती नवी रीत पडली. टॅबलेटवरच्या कुलपाचा कोड आत्या घालणार, आणि तो आई-बापालाही सांगणार नाहीत. कुठलं अ‍ॅप कुणाला, किती वेळ, सगळं त्यांच्याकडे. कोड कुठेही लिहायच्या नाहीत. "लिहिलं की फुटलं," म्हणायच्या. सगळी कुलपं डोक्यात.

दुपारी शाळा सुटली की पोरं आपापला टॅबलेट घेऊन त्यांच्या दारात उभी. आत्या आधी विचारायच्या, "आत कोण आहे?"

हा त्यांचा दुसरा नियम. जे अ‍ॅप उघडून हवंय त्याच्या आत कोण आहे, ते सांगायचं.

"एक आदमी है, भागता है."

"कायले पळतो?"

"पुलिस पीछे है."

"आणि तू त्याला पळवतोस? बरं. जा, पळव थोडा वेळ."

ज्याला आत कोण आहे ते धड सांगता यायचं नाही, त्याचं अ‍ॅप त्या उघडायच्या नाहीत. मग तो पाय आपटो नाहीतर आईला घेऊन येवो. "आत कोण आहे ठाऊक नाही आणि दार उघडतोस? येडा की काय तू!"

आणि तिसरा नियम मला सगळ्यात विचित्र वाटायचा. खेळून झालं की टॅबलेट परत दाखवायचा, आणि आत्या पोराच्या हनुवटीला धरून डोळ्यांत बघायच्या. कितीतरी वेळ. बाजारात पपई निवडताना बघतात तसं. मग म्हणायच्या, "आलास का परत? पूर्ण नाव सांग. गाव सांग. वडील काय करतात?" पोरं आपली घोकलेली उत्तरं देऊन पळायची. दिल्लीत जन्मलेल्या पोरांना कसलं आलंय गाव! "गाव, सेक्टर बारा," म्हणून एकाने सांगितलं तर आत्या इतक्या काळजीत पडल्या की त्याच्या आईला बोलावून घेतलं. "याला गाव शिकवा. एखाद्या दिवशी परत यायचं झालं तर कुठं येईल हा?" आई बिचारी "जी, बिल्कुल" म्हणत माझ्याकडे बघत राहिली. मी खांदे उडवले.

त्यांच्या बाकीच्या तऱ्हा काय सांगाव्यात. टीव्हीवर कायम चादर. मोबाइल रात्रभर तांदळाच्या कोठीत. पाणी आलं की जिना चढून घरोघरी बेल वाजवायची आणि ओरडायचं, "पाणी आलंय, पाणी!" आता वर टाक्या आहेत, मोटर आपोआप चालू होते, हे त्यांना हजारदा सांगून झालं. पण नाही. पाणी आलं आणि आपण कळवलं नाही, हे त्यांना जमायचंच नाही.

सरदारीणबाईंच्या मुलाने एकदा त्यांचाही कोड चोरला. मागे उभं राहून करंगळी कुठे कुठे जाते ते पाठ केलं, घरी जाऊन दार लावून दाबलं, उघडलं. आणि दाराची बेल वाजली. बाहेर आत्या. "पूर्ण नाव सांग." पोराला ताप भरला त्या दिवशी. मी त्यांना गाठून विचारलंच, तुम्हाला कळलं कसं? तर म्हणाल्या, "रोज दोन-दोन पायऱ्या उडत जाणारं पोट्टं आज मांजरीसारखं गेलं. मला पायांवरून कळतं, बाई. पोरांचे पाय सांगतात."

खरं होतं ते. घरात बसून अख्ख्या ब्लॉकची पावलं त्या ऐकत असत. वरच्या घरातली पावलं थांबली की त्या मान वर करून छताकडे बघायच्या.

आमचं घर त्यांच्या वर, म्हणजे मनूची पावलं त्यांना सगळ्यात जास्त ऐकू यायची. मनू माझी मुलगी. तेव्हा दुसरीत होती.

आमचा टॅबलेट मनूच्या बाबाने आणला. त्याची ऑडिटची नोकरी, महिन्यातले निम्मे दिवस दौरा. मनूला रोज झोपताना त्याचीच गोष्ट लागायची, म्हणून दौऱ्यावर निघण्याआधी तो टॅबलेटवर गोष्टी बोलून ठेवायचा. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. म्हणून हा रेकॉर्ड करतानाही प्रत्येक वाक्यानंतर जागा सोडायचा, आणि ऐकताना मनू त्या जागेत बरोबर "हं" म्हणायची. पण शिस्तीचा भारी! रोज ठरावीक वेळ झाली की टॅबलेट बंद पडायला हवा, अशी मर्यादा त्यानेच घालून घेतली आत्यांकडून. त्याच्या स्वतःच्या गोष्टींनाही तीच मर्यादा. मी म्हटलं, अरे, तू सांगतोयस, त्याला कसली वेळ? तर म्हणे, नियम म्हणजे नियम, यार.

शेवटच्या वेळी गुवाहाटीला गेला आणि तिथेच त्याचं हृदय बंद पडलं. काही म्हणजे काही झालेलं नव्हतं त्याला. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस.

त्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने एक गोष्ट बोलून ठेवली होती. मी ती एकदाच ऐकली. एका पोरीची सावली विहिरीत पडते. पोरगी बिनसावलीची गावभर हिंडते, कुणी तिला ओळखत नाही. मग ती विहिरीवर येते, वाकून बघते. "मंग विहिरीतून आवाज आला," तो सांगतो, "दोर सोड, मी वर येतो." इथे तो जागा सोडतो. आणि तेवढ्यात आमची बेल वाजते. लांबून आत्यांचा आवाज, "पाणी आलंय, पाणी!" तो म्हणतो, "थांब हं मनू, आलोच." खुर्ची सरकते, पावलं लांब जातात. रेकॉर्डिंग बंद करायचं तो विसरला. पुढे नुसता पंखा. मी तिथेच बंद केलं. माझ्याने पुढचं ऐकवेना.

मनू मात्र ऐकायची. रोज तीच गोष्ट, पहिल्यापासून. "आलोच" म्हटल्यावर ती मांडी घालून बसायची आणि त्या पंख्याच्या आवाजात वाट बघायची. मधेच "हं" म्हणायची. मग वेळ संपून टॅबलेट आपोआप बंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, बोटाने पुढे ओढून बघ, पुढे काही नाहीये. तर माझ्यावर डोळे वटारले. "बाबा थांब म्हणाले ना?"

आधी वाटलं, लेकरू आहे, सावरेल. मग ती त्या पंख्याशी बोलायला लागली. शाळेत काय झालं, डब्यात काय होतं. एकदा भाजी वाढली तर म्हणाली, "बाबांना विचारून येते," आणि टॅबलेट कानाला लावून बसली. मग मान हलवून म्हणाली, "नको म्हणाले." माझ्या हातातली पळी खाली पडली. कुणी वडिलांचं विचारलं की ती सांगायची, दौऱ्यावर आहेत. खेळायला जाणं बंद. पळणं बंद. आणि एक दिवस आत्या वर आल्या, पाण्यासाठी नाही. दारातच म्हणाल्या, "वरून पावलं येत नाहीत."

मी त्यांना घरात ओढलं आणि टॅबलेट पुढे ठेवला. "आत्या, त्या गोष्टींना कुलूप घाला. मलाही उघडता येऊ नये असं."

त्यांनी करंगळी काढली. मग थांबल्या. माझ्याकडे बघून विचारलं, "आत कोण आहे?"

मला सांगता येईना. नवरा म्हणू? आवाज म्हणू? मी तोंडात पदर कोंबून रडत बसले. आत्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, उजवा, आणि डाव्या करंगळीने कुलूप घातलं. म्हणाल्या, "हे मी तुलाही उघडून देणार नाही. आत कोण आहे ते ज्या दिवशी पोरगी नीट सांगेल, त्या दिवशी तिला देईन." आणि टॅबलेट टॉवेलात गुंडाळून खाली घेऊन गेल्या.

मनू शाळेतून आली की आत्यांकडेच राहायची, मी ऑफिसातून येईपर्यंत. त्या तिला चित्रांचं अ‍ॅप उघडून द्यायच्या, पोळी खायला घालायच्या. हिवाळा होता. बायका लॉनवर उन्हात मटार सोलत बसलेल्या, आणि आत्यांनी तिथे एक नवंच काढलं. मनूला उन्हात उभं करायचं आणि म्हणायचं, "बघ. पायाशी बघ. आहे का सावली? आहे ना? मग चल." रोज. बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. मलाही लाज वाटायची, पण मनू हळूहळू लंगडी घालायला लागली होती, म्हणून मी गप्प बसले.

मग तो दिवस. ऑफिसला हाफ डे मिळाला, मी दुपारीच आले. जिना चढले आणि आत्यांच्या दाराशी माझे पाय खिळले. आतून माझ्या नवऱ्याचा आवाज येत होता.

"मंग पोरगी विहिरीवर आली."

"हं."

"वाकून बघितलं."

"हं."

मनूने कुलूप फोडलं असं वाटून मी दार ढकललं. मनू नव्हतीच, शाळा सुटायची होती. आत्या एकट्या जमिनीवर बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, हात जोडलेले, समोर पाटावर टॅबलेट. मी आलेलं त्यांना कळलं, पण त्यांनी मान वळवली नाही. "थांब हं मनू, आलोच," तो म्हणाला. खुर्ची सरकली. पंखा सुरू झाला. आणि त्या रिकाम्या आवाजात आत्या हुंकार देतच राहिल्या. हं. हं.

"आत्या, हे काय चाललंय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "पोरगी देत नाही, मग कुणीतरी द्यायलाच पाहिजे. हुंकार थांबला की सांगणारा तिथंच अडकतो. आणि मीच उठवलं ना त्याला. पाणी आलंय म्हणून मीच ओरडले."

"आत्या, तो गेलाय!"

"येतो तो," त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. "मी रोज ऐकते. येतो."

मी तापट बाई. काय काय बोलले, आता आठवायचं नाही. वेड लागलंय तुम्हाला, माझ्या पोरीला पण लावाल. टॅबलेट हिसकावून घेतला, आणि आपोआप पडद्यावर कुलूप पडलं. आत्या रागावल्या नाहीत. "ने. पण कोड देणार नाही," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी मनूला पाळणाघरात घातलं. जिन्यात आत्या दिसल्या की मी पायांकडे बघत वर जायचे.

हिवाळा संपता संपता आत्यांना पक्षाघात झाला. सकाळी पाण्याची बेल वाजली नाही, त्यावरून सरदारजींना शंका आली. भाऊ दौऱ्यावरून धावत आले. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली. महिनाभर हॉस्पिटल, मग घरी आणलं. मी भेटायला गेले. पलंगावर एवढीशी झालेली म्हातारी. भाऊ म्हणाले, "कुणाला ओळखते की नाही, कळत नाही. काहीही विचारा, एकच उत्तर देते."

"काय?"

"हं."

घरी आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. कोड! सगळ्या ब्लॉकची कुलपं त्यांच्या डोक्यात होती. बाकीच्यांनी टॅबलेट पार पुसून नव्याने सुरू केले, त्यांचं काय अडणार होतं? खेळ पुन्हा उतरवता येतात. माझ्या घरातलं काय पुन्हा उतरवणार? मी त्याच्या वाढदिवसाचे आकडे टाकून बघितले, मनूच्या वाढदिवसाचे, लग्नाच्या तारखेचे. शेवटी पडद्यावर लाल अक्षरं आली: आणखी एकदा चुकलात तर कुलपातलं सगळं पुसलं जाईल. नेहरू प्लेसला दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, खुल तो जाएगा, पर अंदर का कुछ नहीं बचेगा." मी टॅबलेट छातीशी धरून मेट्रोत बसले आणि हमसून हमसून रडले. नको होता तेव्हा तो आवाज कुलपात घातला. आता तो कायमचा जाणार म्हटल्यावर वाटलं, हा माणूस दुसऱ्यांदा मरतोय आणि या वेळी मी समोर आहे.

मनूला मी सगळं खरं सांगितलं. एकच संधी उरलीय, आत्यांना बोलता येत नाही. ती नखं कुरतडत बसली. मग म्हणाली, "आई, त्यांना कशाला बोलायचंय? विचारतात त्या. उत्तर तर आपण द्यायचं असतं."

रविवारी दुपारी आम्ही दोघी खाली गेलो. भावाने आत्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. खिडकीतून ऊन पलंगावर आलेलं. मनू टॅबलेट घेऊन समोर उभी राहिली, पूर्वी पोरं उभी राहायची तशी. आत्यांनी तिच्याकडे बघितलं. तीच नजर, हनुवटीला धरून बघायची. ओठ हलले, पण त्यातून बाहेर आलं ते एवढंच, "हं?"

मनू म्हणाली, "आत आवाज आहे. बाबांचा. बाकी कुणी नाही."

मग पांघरुणातून डावा हात बाहेर आला. त्यांनी तो पदराकडे नेला, पदर हातात येईना, म्हणून मनूने आपल्या फ्रॉकने काच पुसली. बोटं मुठीत गेली. करंगळी बाहेर राहिली. मला ओरडावंसं वाटलं, नको, राहू दे, पुसून जाईल सगळं! पण आत्या पडद्याकडे बघतही नव्हत्या. बघत होत्या मनूकडे. आणि करंगळी आपली आपण चालली. टक. टक. एकदा थांबली, हवेत. भावाने डोळे मिटून घेतले. मग पुन्हा टक.

उघडलं.

वेळेची मर्यादाही आत्यांनी केव्हाच काढून टाकली होती. मनूने गोष्ट लावली. पोरगी, सावली, विहीर. दोर सोड, मी वर येतो. बेल. "पाणी आलंय, पाणी!" स्वतःचा तो खणखणीत आवाज ऐकून आत्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "थांब हं मनू, आलोच." खुर्ची. पावलं. पंखा.

पंखा फिरत राहिला. आत्या हुंकार देत राहिल्या. मी मनूचा हात धरला होता. लांब कुठेतरी बादलीत पाणी पडत होतं, ते मी पहिल्यांदाच ऐकलं. खूप वेळ पडत होतं. याच्या पुढचं मनूने कधी ऐकलंच नव्हतं. त्याच्याच नियमाने रोज इथे कुठेतरी टॅबलेट बंद पडायचा.

मग पाणी थांबलं. आणि पावलं आली. ओल्या चपलांची. खुर्ची सरकली आणि माझ्या कानाशी, अगदी कानाशी, तो म्हणाला, "आलो गं. आत्यांचं पाणी भरून आलो. कुठं होतो आपण?"

आत्या म्हणाल्या, "हं."

"हं, विहिरीत. तर विहिरीतून म्हणतंय, दोर सोड. मंग पोरगी काय म्हणाली? म्हणाली, दोर कायले पाहिजे? ती उठली, विहिरीकडं पाठ केली आणि भर उन्हात जाऊन उभी राहिली. आणि बघते तर काय, सावली पायाशी! मंग दोघी पळत घरी गेल्या. संपली गोष्ट. झोपलीस का गं, मनू?"

त्याने जागा सोडली. मी मनूकडे बघितलं, आत्यांनीही बघितलं. मनूने ओठ घट्ट मिटले होते. मग हळूच म्हणाली, "हं."

"झोप मग," तो म्हणाला, आणि रेकॉर्डिंग संपलं.

मनूने टॅबलेट स्वतःच बंद केला, उलटा करून पलंगावर ठेवला. मग आत्यांच्या अगदी जवळ गेली आणि आपली हनुवटी त्यांच्या डाव्या हातात दिली. कुणी विचारलं नव्हतं. तिने पूर्ण नाव सांगितलं. गाव सांगितलं, अमरावतीकडचं, नीट तालुक्यासकट.

"वडील वारले," ती म्हणाली. "गोष्ट पुरी करून गेले."

"हं," आत्या म्हणाल्या.